लेकीला मेडिकलला जायचंय: इमर्जन्सीमधली पहिली नोकरी कोणती घ्यावी? (न्यू जर्सी)

एडिसनची_आई

नमस्कार मंडळी,

मुलगी इथे न्यू जर्सीत कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय बायॉलॉजी. मेडिकलला जायचं हे तिचं पक्कं ठरलंय. कॉलेजचे सल्लागार म्हणतात की नुसता जीपीए आणि एमकॅट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) पुरत नाही, 'क्लिनिकल अवर्स' (पेशंटजवळ काम केल्याचे तास) लागतात, आणि इमर्जन्सीत काम मिळालं तर उत्तमच. आमच्या घरात सगळे तिकडच्या वाटेने गेलेले: बारावी, प्रवेश परीक्षा, एमबीबीएस. डॉक्टर व्हायच्या आधीच हॉस्पिटलात पगारावर राबायचं, हे आजीच्या अजून पचनी पडलेलं नाही.

जाहिराती बघितल्या तर स्क्राइब, इआर टेक, ट्रान्सपोर्टर, रजिस्ट्रार, सिटर अशी दहा नावं. यातलं तिला काय जमेल आणि कशातून काय शिकायला मिळेल? इएमटीचा (रुग्णवाहिकेवरच्या तातडीच्या उपचारांचा) कोर्स आधी करावाच लागतो का? कॉलेज सांभाळून किती तास झेपतात? आणि माझ्या भावाचं सांगलीला हॉस्पिटल आहे. सुट्टीत महिनाभर तिथे जाऊन 'हात साफ करून घे' असं तो म्हणतो, ते चालेल का?

ट्रायाज_खिडकी

आधी नावांचा घोळ निस्तरू. एकाच कामाला प्रत्येक हॉस्पिटल वेगळं नाव देतं. इडी टेक, इआर टेक, पेशंट केअर टेक्निशियन, इमर्जन्सी असिस्टंट हे बहुतेक वेळा एकच. त्यामुळे पदनावावर जाऊ नका, जाहिरातीत खाली कामांची यादी असते ती वाचा. इसीजी, रक्त घेणं, स्प्लिंट (दुखावलेला हात-पाय आधार देऊन बांधणं), सीपीआर (छाती दाबून हृदय चालू ठेवणं) हे शब्द दिसले तर ते टेकचं काम. नुसतं 'ट्रान्सपोर्ट' असेल तर स्ट्रेचर ढकलणं: सीटीला ने, एक्स-रेला ने, वरच्या मजल्यावर पोचव. परवाना लागत नाही, पटकन मिळतं, आणि बारा तासांत भरपूर चालणं होतं. पेशंटशी बोलायला मिळतं, पण त्याला झालंय काय आणि पुढे काय ठरलं, हे कानावर येईलच असं नाही.

रजिस्ट्रार म्हणजे नाव, पत्ता, विमा, सह्या. हे काम कमी लेखू नका, पण हे क्लिनिकल काम म्हणून धरायला बऱ्याच प्रवेश समित्या तयार नसतात. यातली एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी कळावी लागते: १९८६ च्या एम्टाला कायद्यामुळे इमर्जन्सीत आलेल्या माणसाची वैद्यकीय तपासणी विम्याच्या चौकशीपायी लांबवता येत नाही. विम्याचं कार्ड शोधत खिडकीवर माणूस उभा आणि छातीत कळ, असं झालं तर दोष खिडकीचा.

सिटर म्हणजे जिवाचं बरंवाईट करून घेईल अशी भीती असलेल्या, किंवा भ्रमात उठून पडेल अशा पेशंटजवळ बसून राहणारा माणूस. काम ऐकायला सोपं वाटतं. पण नजर हटवायची नाही, पेशंट बाथरूमला गेला तरी नाही. खोलीतल्या वायरी, पट्टे, प्लास्टिकच्या पिशव्या आधी बाहेर काढायच्या, आणि ठरलेल्या अंतराने, बहुधा दर १५ मिनिटांनी, नोंद करायची. अभ्यासाचं पुस्तक किंवा फोन बाहेर काढला तर नोकरी गेली म्हणून समजा. 'बसून अभ्यास होईल' या आशेवर मुलं हे काम घेतात आणि तिथेच फसतात.

राहिले दोन खरे पर्याय: स्क्राइब आणि टेक. त्यावर इथले जाणकार लिहितीलच.

चार्टवाला

स्क्राइबबद्दल लिहितो.

स्क्राइब डॉक्टरच्या मागे लॅपटॉपची गाडी घेऊन फिरतो आणि भेटीची नोंद लिहितो: तक्रारीचा इतिहास, तपासणीत काय सापडलं, कोणत्या चाचण्या आल्या, कुणाशी फोनवर काय बोलणं झालं, शेवटी काय ठरलं. डॉक्टर ती वाचून, दुरुस्त करून सही करतो, आणि नोंद स्क्राइबने लिहिली असल्याचं तिथेच नमूद होतं. पेशंटला हात लावायचा नाही. पाणी मागितलं तरी द्यायचं नाही, कारण त्याला शस्त्रक्रियेसाठी उपाशी ठेवलेलं असू शकतं. नर्सला सांगायचं. बहुतेक ठिकाणी औषधांच्या ऑर्डर टाकायलाही स्क्राइबला परवानगी नसते.

पात्रता म्हणून पदवी किंवा परवाना काही लागत नाही. टायपिंग मिनिटाला ६० शब्दांच्या आसपास हवं, आणि शब्दसंग्रह पाठ हवा. प्रशिक्षण म्हणजे थोडे दिवस वर्ग, परीक्षा, मग अनुभवी स्क्राइबबरोबर काही शिफ्ट. बाद होणारी मुलं वैद्यकीय ज्ञानात सहसा कमी पडत नाहीत, वेगात पडतात. डॉक्टर एका खोलीतून निघून दुसरीत गेला तरी पहिल्या पेशंटची नोंद अर्धीच असते, आणि शिफ्ट संपता संपता सात-आठ अर्धवट चार्ट लोंबकळत राहतात.

चुका कुठे होतात ते सांगतो, कारण शिकायचं तिथेच आहे.

'छातीत दुखतंय' एवढं लिहून भागत नाही. कधीपासून, काय करत असताना, नेमकं कुठे, कसं दुखतंय, कळ हातात-जबड्यात जाते का, कशाने वाढतं, कशाने कमी होतं, पूर्वी असं झालंय का. हे आठ-नऊ धागे डॉक्टर क्रमाने विचारत नाही. पेशंट गावगप्पा करत असतो, त्यातून ते वेचायचे असतात.

पक्षाघाताच्या पेशंटमध्ये वेळेची चूक सगळ्यात महाग पडते. घरचे सांगतात, 'सकाळी सातला उठले तेव्हा तोंड वाकडं दिसलं.' म्हणून नोंदीत ७ लिहायचे नाहीत. शेवटचे धडधाकट कधी पाहिले, ती वेळ लिहायची. रात्री दहाला झोपताना ठीक होते, तर वेळ रात्री १०. गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनची नेहमीची मुदत साडेचार तासांची असते, आणि ती या वेळेपासून मोजतात. दिसलेली वेळ आणि शेवटची बरी वेळ यांची गल्लत झाली तर पुढचा सगळा हिशोब चुकतो.

तिसरी चूक तयार साच्यांची. एक बटण दाबलं की 'सर्व तपासणी सामान्य' असा परिच्छेद उतरतो. त्यात 'दोन्ही पावलांची नाडी लागते' असतं, आणि पेशंटचा डावा पाय गुडघ्याखाली कापलेला असतो. असा चार्ट कोर्टात गेला तर पुढचं एकही वाक्य कुणी खरं मानत नाही. डावं-उजवंही तसंच. वर 'उजवा घोटा', खाली 'डाव्या घोट्याचा एक्स-रे'.

आणखी एक गोष्ट, जी जुन्या स्क्राइबांकडून शिकलेल्यांना माहीत नसते. १ जानेवारी २०२३ पासून इमर्जन्सीच्या भेटीची बिलाची पातळी (कोड ९९२८१ ते ९९२८५) इतिहास आणि तपासणीचे मुद्दे मोजून ठरत नाही, डॉक्टरने केलेल्या वैद्यकीय विचारावर ठरते. म्हणजे लांबलचक नोंदीला आता किंमत नाही. कोणत्या आजारांची शंका होती, कोणत्या का वगळल्या, जुने कागद पाहिले का, कुणाशी चर्चा झाली, हे हवं. अतिदक्षतेचं बिल लावायचं तर किमान ३० मिनिटांची नोंद लागते, आणि ज्या प्रक्रियांचं वेगळं बिल होतं त्यांचा वेळ त्यातून वजा. मेडिकलला जाणाऱ्या मुलीला डॉक्टर विचार कसा करतो हे इतक्या जवळून दुसरीकडे कुठे दिसणार?

पगार बेताचा, किमान वेतनाच्या आसपास (२०२५ मध्ये न्यू जर्सीत तासाला १५.४९ डॉलर). वर बहुतेक कंपन्या पूर्णवेळ एक वर्ष किंवा अर्धवेळ दोन वर्षांची हमी मागतात. अजून एक: संभाषण ऐकून नोंद लिहिणारी एआय साधनं आता दवाखान्यांत शिरली आहेत. तेव्हा मुलाखतीत स्पष्ट विचारा, 'पुढच्या वर्षी या विभागात स्क्राइब असतील का?'

टेकरूम_७

चार्टवाला यांचं सगळं बरोबर, पण 'डॉक्टरचा विचार दुसरीकडे कुठे दिसणार' हे पटलं नाही. डॉक्टरचा विचार पुढे चार वर्षं शिकायला मिळणारच आहे. घाबरलेल्या, ओकणाऱ्या, शिव्या देणाऱ्या माणसाला हात लावायची सवय मात्र वर्गात होत नाही. आपल्याला हे काम खरंच आवडतं का, याचा निकाल टेकच्या कामात महिन्याभरात लागतो.

टेकसाठी बहुतेक हॉस्पिटलं इएमटी, सीएनए (प्रमाणित नर्सिंग सहायक) किंवा नर्सिंगचा विद्यार्थी यांपैकी काहीतरी मागतात. जाहिरातीत 'रिक्वायर्ड' आणि 'प्रिफर्ड' असे दोन रकाने असतात. इएमटी दुसऱ्या रकान्यात असेल तर त्याशिवायही अर्ज करावा. अमेरिकन हार्ट असोसिएशनचं बीएलएस (प्राथमिक जीवरक्षण) कार्ड मात्र सगळीकडे लागतं. ते दोन वर्षं चालतं, आणि त्यासाठी प्रत्यक्ष पुतळ्यावर परीक्षा द्यावी लागते. संपूर्ण ऑनलाइन मिळणारी स्वस्त सर्टिफिकेटं हॉस्पिटल घेत नाही, त्यात पैसे घालवू नका.

आता काम.

इसीजी. छातीत दुखणारा पेशंट दारात आल्यापासून १० मिनिटांत इसीजी काढून डॉक्टरच्या हातात पडला पाहिजे. मशीनजवळ ठेवून उपयोग नाही, हातात द्यायचा आणि कुणाला किती वाजता दिला ते लिहायचं. इलेक्ट्रोड (चिकटपट्ट्या) १०, लीड (कागदावरचे आलेख) १२. छातीवरचे इलेक्ट्रोड व्ही-१ ते व्ही-६. व्ही-१ आणि व्ही-२ चौथ्या फासळीफटीत, उरोस्थीच्या उजव्या-डाव्या कडेला. मग व्ही-३ सोडून आधी व्ही-४ लावायचा: पाचवी फट, हासळीच्या मध्यावरून खाली येणारी रेघ. व्ही-२ आणि व्ही-४ च्या मधोमध व्ही-३. व्ही-५ आणि व्ही-६ हे व्ही-४ च्याच आडव्या पातळीत, बगलेच्या पुढच्या आणि मधल्या रेघेवर. नवशिके व्ही-१ आणि व्ही-२ हमखास वर लावतात, कारण फटी मोजत नाहीत, अंदाजाने चिकटवतात. उरोस्थीवर बोट फिरवा, वरच्या भागात एक आडवा उंचवटा लागतो. तिथे दुसरी फासळी जुळते. तिच्या खालची ती दुसरी फट, तिथून दोन फटी खाली उतरा. उजव्या-डाव्या हाताच्या वायरी उलट लागल्या तर पहिली लीड उलटी दिसते आणि एरवी उलटी असणारी एव्हीआर नावाची लीड सुलट. कागद देण्याआधी एवढं बघायची सवय लावली तर अर्ध्या चुका तिथेच पकडता येतात. थंडीने कुडकुडणारा पेशंट असेल तर आधी पांघरूण, नाहीतर सगळा कागद थरथरता येतो.

रक्त. नळ्यांचा क्रम पाठ हवा: कल्चरच्या बाटल्या, निळी, लाल किंवा सोनेरी, हिरवी, जांभळी, करडी. क्रम का? जांभळ्या नळीत पोटॅशियमयुक्त इडीटीए असतं. त्याचा अंश पुढच्या नळीत गेला तर पोटॅशियम खोटं वाढतं, कॅल्शियम खोटं उतरतं. निळी नळी खुणेपर्यंत भरलीच पाहिजे, कारण त्यात नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट असं प्रमाण असतं. अर्धवट भरली की प्रयोगशाळा ती परत पाठवते. बटरफ्लाय सुईने निळी पहिली घेणार असाल तर नळकांड्यातली हवा आधी एका फेकायच्या नळीत काढा. नळ्या हलवायच्या नाहीत, उलट-सुलट करायच्या: निळी तीन-चारदा, जांभळी आठ-दहादा. जोरात हलवलं की पेशी फुटतात, पोटॅशियम पुन्हा खोटं वाढतं आणि पेशंटला दुसऱ्यांदा टोचावं लागतं. आवळपट्टी मिनिटापेक्षा जास्त ठेवायची नाही.

आणि लेबल पलंगाजवळच लावायचं, नाव आणि जन्मतारीख पेशंटच्या तोंडून ऐकून, मनगटातल्या पट्टीशी जुळवून. 'तुम्ही पाटील ना?' असं विचारलं तर भ्रमातला माणूस होच म्हणतो. 'तुमचं नाव काय?' असं विचारा. नावाची लेबलं खिशात घालून पुढच्या खोलीत गेलेला टेक नोकरी गमावतो, कारण एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावाने तपासलं जाऊ शकतं.

व्हायटल्स, म्हणजे श्वास, बीपी, ऑक्सिजन वगैरे. इथे आळस सगळ्यात जास्त. श्वास कुणी मोजत नाही, सगळ्यांचे १६ लिहून मोकळे होतात. ३० सेकंद मोजा आणि दुपटीने घ्या. मिनिटाला २८ श्वास घेणारा माणूस गप्प बसलेला असतो आणि दोन तासांत कोसळतो, त्याची पहिली खूण हीच. बीपीचा पट्टा दंडाला लहान पडला तर बीपी खोटं जास्त येतं. बोटं गार असतील तर ऑक्सिजनचा आकडा फसवा येतो. वजन किलोत लिहायचं. लहान मुलाचं वजन आई पौंडांत सांगते, ४४ पौंडांचं मूल ४४ किलो म्हणून नोंदलं गेलं की औषधाचा डोस दुपटीच्या वर जातो. म्हणून विचारू नका, काट्यावर ठेवा.

सीपीआर. मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली किमान ५ सेंटिमीटर, ६ च्या पुढे नाही, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, 'मी दमलो नाही' म्हणणाऱ्याचासुद्धा. दमल्याचं स्वतःला कळायच्या आधी खोली कमी झालेली असते. पलंगाची उंची कमी पडत असेल तर पायाखाली स्टूल घ्या. कोपर वाकवून दाब देण्यात अर्थ नाही.

स्प्लिंट, जखम धुणं, कुबड्या ही कामं शिफ्टवर शिकवतात. प्लास्टरचं पाणी कोमट असावं, गरम नको. प्लास्टर घट्ट होताना स्वतःच उष्णता सोडतं आणि त्वचा भाजते. बांधायच्या आधी आणि नंतर बोटांची हालचाल, संवेदना, नाडी तपासून दोन्ही वेळा लिहायचं. आधीचं लिहिलं नसेल तर बधिरपणा मारामुळे की आपल्या पट्टीमुळे, हे कुणालाच सांगता येत नाही. कुबडीचा वरचा टेकू बगलेत रुतता कामा नये, दोन-तीन बोटं जागा हवी, भार तळहातावर.

व्हिसाचं_बघा

एक मुद्दा कुणी काढला नाही, पण आपल्या मंडळींत हटकून येतो. मुलगी एच-४ वर (एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर) असेल तर पगाराचं कुठलंच काम करता येत नाही. एच-४ वर मिळणारं कामाचं कार्ड काही ठरावीक जोडीदारांसाठी असतं, मुलांसाठी नाही. एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसावर) असेल तर शिकत असताना कॅम्पसवरचं काम आठवड्याला २० तासांपर्यंत, बाहेरचं काम परवानगीशिवाय नाही. 'फुकट स्क्राइब होते' ही पळवाटही नको, कारण इतरांना ज्या कामाचा पगार मिळतो ते फुकट करणं स्वयंसेवेत बसत नाही. हॉस्पिटलच्या रीतसर स्वयंसेवक विभागातून जावं.

दुसरं, ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व नसलेल्यांना अमेरिकेतली बरीच मेडिकल कॉलेजं अर्जच करू देत नाहीत. हे तास मोजण्याआधी बघायचं.

एडिसनची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. व्हिसाचा प्रश्न नाही, आम्ही ग्रीन कार्डवर आहोत. टेकरूम_७ यांचं वाचून लेक म्हणते, 'मला हेच करायचंय.' स्क्राइबचं वाचून तिचे बाबा म्हणतात, तेच कर. :) इएमटी कधी करावा आणि अर्जाच्या वेळापत्रकात हे कसं बसवावं, कुणी सांगेल का? आणि सांगलीचा प्रश्न राहिलाच.

टेकरूम_७

इएमटीचा कोर्स साधारण १५० ते २०० तासांचा, काही ठिकाणी त्याहून जास्त. सत्र सुरू असताना आठवड्याला दोन संध्याकाळी आणि शनिवार असा चार-पाच महिने चालतो, उन्हाळ्यात दोन-अडीच महिन्यांत संपवतात. ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या सत्रात तो घेऊ नये. त्यानंतर राष्ट्रीय नोंदणीची संगणकीय परीक्षा: ७० ते १२० प्रश्न, दोन तास. संगणक उत्तरांप्रमाणे प्रश्न बदलत जातो, त्यामुळे पेपर ७० ला बंद पडला म्हणून पास किंवा नापास असा अंदाज बांधायचा नाही. राष्ट्रीय नोंदणी म्हणजे राज्याचा परवाना नव्हे. काम मिळतं ते राज्याच्या कार्डावर. अर्ज करताना दोन्हींच्या तारखा बघा.

न्यू जर्सीत एक सोय आहे. स्वयंसेवी रेस्क्यू स्क्वाडच्या (गावच्या रुग्णवाहिका पथकाच्या) सभासदांच्या इएमटी प्रशिक्षणासाठी राज्याचा निधी आहे. क्रम असा: आधी गावातल्या स्क्वाडचं सभासदत्व, मग त्यांच्यामार्फत कोर्स. बदल्यात ड्यूटी करावी लागते, आणि रुग्णवाहिकेवरचे तेही तास क्लिनिकलच. कित्येकांना इआर टेकची नोकरीही त्यातूनच मिळते, कारण पेशंट सोडायला इमर्जन्सीत रोज जाणं होतं आणि चार्ज नर्स (शिफ्टची प्रमुख नर्स) चेहरा ओळखते.

कॉलेज चालू असताना 'पर डिएम' जागा बघा. महिन्याला ठरावीक किमान शिफ्ट द्यायच्या, बाकी आपली सोय. महिन्याला दोन वीकएंड शिफ्ट, बारा-बारा तासांच्या, वर्षाचे २८८ तास झाले. त्यावर सुट्टीत जास्त घ्यायच्या. परीक्षेच्या आदल्या रात्री शिफ्ट घेऊन फोन करून टाळणं मात्र दोन-तीनदा झालं की मॅनेजर बोलावणं थांबवतो.

चार्टवाला

बाबांनी नाराज होऊ नये, दोन्ही करता येतं. :) वर्षभर टेक, आणि पदवीनंतर एक वर्ष मोकळं घ्यायचं ठरलं तर त्या वर्षी पूर्णवेळ स्क्राइब. उलटा क्रम बसत नाही, कारण स्क्राइबची एक-दोन वर्षांची हमी कॉलेजच्या वेळापत्रकात अडकते.

अर्जाचा हिशोब: प्रवेशाच्या साधारण एक वर्ष आधीच्या जूनमध्ये अर्ज जातो. म्हणजे तिला मोकळं वर्ष न घेता जायचं असेल तर पुढच्या वर्षीच्या जूनपर्यंत हातात जे असेल तेच. या उन्हाळ्यात इएमटी, सप्टेंबरात अर्ज, नोकरीचे सोपस्कार होऊन ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरुवात, म्हणजे जेमतेम सात महिने. शक्य आहे, पण एमकॅटचा अभ्यासही त्याच महिन्यांत येतो. मोकळं वर्ष घेणं इथे कमीपणाचं मानत नाहीत, हे आजीला सांगा.

अर्जात अनुभवाच्या १५ नोंदी मावतात, प्रत्येकीला ७०० अक्षरं. त्यातल्या तीन 'सर्वांत अर्थपूर्ण' म्हणून निवडता येतात आणि त्यांना आणखी १,३२५ अक्षरं मिळतात. प्रत्येक नोंदीला खातरजमा करू शकेल अशा माणसाचं नाव आणि संपर्क द्यावा लागतो. म्हणून पहिल्या दिवसापासून वहीत तारीख, तास आणि दोन ओळी लिहायच्या. त्या ओळींत पेशंटचं नाव, वय, गाव, दुर्मीळ आजार काहीही नको. हिपाचा (पेशंटची माहिती गुप्त ठेवण्याच्या कायद्याचा) नियम घरच्या वहीला आणि व्हॉट्सअॅपच्या कुटुंब गटालाही लागू पडतो. ओळखीचं कुणी दाखल झालंय म्हणून त्याचा चार्ट उघडून बघणं तर नाहीच. कुणी काय उघडलं याची नोंद संगणक ठेवतो, आणि त्यावरून लोक घरी गेलेत.

स्क्राइबचे तास 'शॅडोइंग' (डॉक्टरबरोबर राहून नुसतं बघणं) म्हणून दुसऱ्यांदा मोजू नयेत. वाचणाऱ्याला कळतं.

ट्रायाज_खिडकी

सांगलीचं मी सांगते. मामांच्या हॉस्पिटलात जाऊन बघणं चालेल, 'हात साफ करणं' नाही. परदेशात जाऊन प्रशिक्षणाशिवाय टाके घालणं, इंजेक्शन देणं, प्रसूतीला हात लावणं याविरुद्ध अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेची, एएएमसीची, लेखी मार्गदर्शक तत्त्वं आहेत. अर्जात 'मी तिकडे टाके घातले' असं अभिमानाने लिहिलेलं वाक्य अर्ज बुडवू शकतं. वाचणारा विचारतो, इथल्या पेशंटवर जे करायची परवानगी तुला नाही, ते तिथल्या पेशंटवर कसं चाललं? मामाला वाईट वाटेल, पण त्याला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर प्रेमापोटी तो पहिल्याच दिवशी सुई हातात देईल.

तिने ओपीडीत मागे बसावं, पेशंटला आधी विचारून. मराठी बोलता येत असेल तर तिथे तिला इथल्यापेक्षा जास्त ऐकायला मिळेल. मात्र ते शॅडोइंग म्हणून थोडक्यात, आणि नात्याचा उल्लेख करून. मुख्य तास इथलेच हवेत.

इथे मराठी-हिंदी येतं म्हणून इमर्जन्सीत कुणी 'जरा भाषांतर कर' म्हणेल, त्यालाही सावध राहायचं. पाणी हवंय का, बाथरूम कुठे, इथवर ठीक. संमतीपत्र, निदान, औषधं यांसाठी हॉस्पिटलचा पात्र दुभाषी फोनवर किंवा पडद्यावर असतो, त्यालाच बोलवायचं.

शेवटी, ज्यात सगळ्यांचे आठवडे वाया जातात ते: नोकरीपूर्व आरोग्य तपासणी. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, हेपटायटिस बी यांचे पुरावे, टीबीची चाचणी, लघवीची ड्रग टेस्ट, पार्श्वभूमी तपासणी, एन-९५ मास्कची फिट टेस्ट. मुलीचा जन्म भारतातला आहे का?

एडिसनची_आई

हो, पुण्याचा. चार वर्षांची असताना आलो.

ट्रायाज_खिडकी

मग तिला जन्मतःच बीसीजी टोचलेली असणार, दंडावर व्रण असेल. त्वचेवरची टीबी चाचणी त्यामुळे खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि मग छातीचा एक्स-रे, डॉक्टरचं पत्र यात तीन-चार आठवडे जातात. आधीच सांगून रक्ताची चाचणी, आयजीआरए, करून घ्या. त्या चाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही. पुण्याचं लसीकरण कार्ड शोधून ठेवा. त्यात गोवरची एकच लस असेल किंवा शिक्का पुसला असेल तर फॅमिली डॉक्टरकडून रक्तातल्या प्रतिकारशक्तीचा अहवाल, टायटर, आत्ताच मागवा. हेपटायटिस बीचे तीन डोस नव्याने घ्यावे लागले तर नेहमीचं वेळापत्रक ०, १ आणि ६ महिन्यांचं आहे. बहुतेक ठिकाणी पहिला डोस झाल्यावर कामाला लागू देतात, पण ते एचआरला अर्जाबरोबरच विचारून घ्या.